ट्रेनिंगच्या विमानातला ४०६ वाला ईएलटी जुन्या १२१.५ पेक्षा खरंच किती बरा?

मनीषनगरचे_बाबा

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, विमानातलं मला शून्य कळतं, पण मुलगी कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग करून राहिली आहे आणि मागच्या आठवड्यात तिचं पहिलं सोलो झालं, तेव्हापासून घरात झोप कमी झाली आहे. ती म्हणते बाबा काळजी करू नका, विमानाच्या शेपटीत एक नारिंगी डबा असतो, ईएलटी म्हणतात त्याला, विमान आपटलं की तो आपोआप सुरू होतो आणि सॅटेलाइटला कळतं. तिची आई लगेच म्हणाली, आणि नाही सुरू झाला तर?

मला आठवते ती २०१९ ची बातमी. वायुसेनेचं एएन-३२ आसाममधल्या जोरहाटहून अरुणाचलमधल्या मेचुकाला निघालं ३ जूनला, आत १३ जण, आणि अवशेष दिसले थेट ११ जूनला. आठ दिवस. तेव्हा पेपरात वाचलं होतं की त्यातला बीकन, म्हणजे संकटाचा सिग्नल देणारा डबा, जुन्या पिढीचा होता. आणि मार्च २०२३ मध्ये तर आपल्या इथलंच, गोंदियाजवळच्या बिरसीहून उडालेलं ट्रेनिंगचं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, दोघं गेले. तो सगळा जंगलपट्टा मी पाहिलेला आहे, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही तिथे.

मुलगी म्हणते त्यांच्या विमानात नवीन ४०६ वाला आहे, जुना १२१.५ वाला नाही. हा नुसता नंबरचा फरक आहे का खरंच काही सुधारलं आहे? आणि बाप म्हणून मी तिला काय तपासायला सांगू? कुणी जाणकार असेल तर सोप्या भाषेत सांगा, लांब लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचीन.

एव्हिओनिक्स_काका

बाबा, तुमची काळजी रास्त आहे आणि प्रश्नही नेमका आहे. मी आयुष्यभर विमानातल्या रेडिओवर काम केलं, आता निवृत्त आहे, वायुसेनानगरच्या बाजूलाच राहतो. फरक नुसता नंबरचा नाही, जमीन अस्मानाचा आहे, पण एक जागा अशी आहे जिथे तो डबा आजही जुन्याइतकाच कच्चा आहे, ती शेवटी सांगतो.

आधी जुना डबा काय करायचा ते बघा. १२१.५ मेगाहर्ट्झवर तो नुसता ओरडायचा. वरून खाली घसरत जाणारा कुईं कुईं आवाज, जेमतेम शंभर मिलिवॅटच्या आसपासची ताकद, म्हणजे घरातल्या नाइट लॅम्पपेक्षा कमी. त्या आवाजात मी कोण, कोणतं विमान, कुठे आहे, काही म्हणजे काहीच नाही. अंधारात कुणीतरी ओरडतंय एवढंच कळायचं. हे डबे आले तेव्हा सॅटेलाइटचा विचारच नव्हता, वरून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या पायलटने ऐकावं आणि टॉवरला कळवावं एवढीच अपेक्षा होती. अमेरिकेत १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कात हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे तिथल्या संसदेचे दोन सदस्य असलेलं छोटं विमान गायब झालं, प्रचंड शोध झाला, आजपर्यंत सापडलेलं नाही. तिथे हे डबे सक्तीचे व्हायला त्या घटनेने मोठा जोर दिला.

मग १९७९ मध्ये अमेरिका, रशिया (तेव्हाचा सोव्हिएत संघ), कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून कोस्पास-सारसॅट ही सॅटेलाइटने संकटाचे सिग्नल पकडायची यंत्रणा सुरू केली. शीतयुद्धाच्या काळात हे चौघं एका टेबलावर बसले ते फक्त हरवलेली माणसं शोधायला, मला आजही त्याचं फार अप्रूप वाटतं. पहिला सॅटेलाइट ३० जून १९८२ ला गेला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पडलेल्या एका छोट्या विमानातले तिघे जण त्यामुळे जिवंत सापडले. तेव्हापासून या यंत्रणेमुळे ५० हजारांहून जास्त लोक वाचले आहेत जगभरात, यात जहाजावालेही आले.

पण सॅटेलाइटने ऐकायला सुरुवात केली तेव्हा जुन्या डब्याची पोल उघडी पडली. तो सिग्नल सॅटेलाइट साठवून ठेवू शकत नसे, आरशासारखा तसाच खाली फेकायचा, म्हणजे त्याच क्षणी सॅटेलाइटला तुमचं विमान आणि ग्राउंड स्टेशन दोन्ही दिसलं पाहिजे, नाहीतर गेलं. समुद्रावर आणि दूरच्या वाळवंटात तर बोंबच. आणि खोटे अलार्म किती, तर ५० मागे जेमतेम १ खरा निघायचा. कुणी लँडिंग जोरात केलं की सुरू, हँगरमध्ये डबा काढताना हातातून सुटला की सुरू, अमेरिकेत तर पिझ्झाचे ओव्हन, एटीएम मशीन, स्टेडियमचे स्कोअरबोर्ड असल्या वस्तूंतून निघालेले सिग्नलसुद्धा सॅटेलाइटने बीकन समजून पकडले होते. अशा परिस्थितीत शोधपथकवाला प्रत्येक अलार्मला धावत सुटणार नाही ना, तो आधी वाट बघणार, फोन करत बसणार की खरंच कोणी हरवलं आहे का. यातच तास जायचे आणि जखमी माणसाचे तेच तास मोलाचे असतात. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून सॅटेलाइटने १२१.५ ऐकणं बंदच केलं. आज कुणाच्या विमानात फक्त १२१.५ चा डबा असेल तर वरचा एकही सॅटेलाइट त्याचं ऐकत नाही, हे लक्षात ठेवा.

आता ४०६. हा सतत ओरडत नाही. दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा एक बर्स्ट, म्हणजे छोटासा सिग्नल, सोडतो, पण ५ वॅटचा, म्हणजे जुन्यापेक्षा पन्नासेक पट, आणि तो डिजिटल निरोप असतो. त्यात डब्याचा स्वतःचा १५ अक्षरी नंबर असतो, त्या नंबरातच देशाचा कोड असतो, भारताचा ४१९. सॅटेलाइट हा निरोप साठवून पुढच्या स्टेशनला देऊ शकतो, म्हणून पृथ्वीवर कुठेही चालतं. आपल्याकडे हे निरोप बंगळूर आणि लखनौच्या स्टेशनवर उतरतात, आणि बंगळूरला इस्रोच्या इस्ट्रॅकमध्ये मिशन कंट्रोल सेंटर आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीवचेही अलर्ट तेच सांभाळतात. आपले इन्सॅट-३डी सारखे सॅटेलाइट पण हा सिग्नल पकडतात.

जागा कशी कळते विचाराल तर, अजनी स्टेशनवर उभं राहिलं की हॉर्न देत जाणारी गाडी जवळ येताना आवाज बारीक लागतो आणि पुढे गेली की जाड होतो ना, तसं. सॅटेलाइट वरून पळतो आणि फ्रिक्वेन्सी किती बदलली यावरून हिशोब लावतात. जुन्या डब्याची फ्रिक्वेन्सीच डळमळीत, त्यामुळे हिशोब १५-२० किमीने चुकायचा. नकाशावर बर्डी मध्ये ठेवून २० किमीचं वर्तुळ काढा, कामठी, हिंगणा, वाडी सगळं आत येतं, आता यात एक छोटं विमान शोधा, आणि तेही जंगल असेल तर. ४०६ मध्ये हाच हिशोब ५ किमीच्या आत येतो. आणि डब्याला जीपीएस जोडलेला असेल तर निरोपातच जागा येते, शंभर-सव्वाशे मीटरच्या आत. म्हणजे फुटाळ्याच्या काठावर का सेमिनरी हिल्सवर, हे पहिल्याच बर्स्टला समजलं.

आता कच्ची जागा. डबा कितीही हुशार असला तरी तो अँटेनातून बोलतो. आपटल्यावर अँटेना मोडली, किंवा डबा आणि अँटेनाच्या मधली केबल तुटली किंवा कनेक्टर सुटला, की संपलं. ऑगस्ट २०१० मध्ये अलास्कात माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स ज्यात होते ते ऑटर विमान डोंगरावर आदळलं, त्यात ४०६ चा नवा डबा होता, तो सुरूही झाला होता, पण आपल्या ट्रेमधून निसटला आणि अँटेनाची केबल सुटली, त्यामुळे कुणालाच काही ऐकू आलं नाही. नऊपैकी चौघं जिवंत होती आणि ती तासन्‌तास तशीच थांबली. डबा धरून ठेवणारा पट्टा चिकटपट्टीचा होता, आपल्या बुटाला असतो ना तसला. त्यानंतर डबा बसवायचे नियम कडक झाले. २०१५ मध्ये नासाने तीन जुनी सेसना १७२ विमानं मुद्दाम पाडून बघितली ती यासाठीच. तेव्हा मुलीला सांगा, डबा धातूच्या पट्ट्याने घट्ट आहे का आणि केबल ताणलेली नाही ना, एवढं इंजिनियरला विचार. विचारण्यात काही कमीपणा नाही.

हॅम_सदरवाला

काकांनी छान सांगितलं, मी फक्त १२१.५ बद्दल थोडं बोलतो कारण बाबांना वाटेल तो आता भंगार झाला, तसं नाही आहे. ४०६ च्या डब्यात १२१.५ पण असतोच, दोन्ही सोबत चालतात, १ जानेवारी २००५ पासून आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा, नियमच आहे तसा. ४०६ चं काम सॅटेलाइटला सांगणं, १२१.५ चं काम शेवटचे दोन-चार किलोमीटर शोधपथकाला हाताला धरून नेणं. अर्ध्या सेकंदाच्या बर्स्टमागे तुम्ही जंगलात कुठे फिरणार, पन्नास सेकंद गप्प बसतो तो, पण १२१.५ सतत वाजत राहतो म्हणून त्याचा माग काढता येतो.

आम्ही हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, फॉक्स हंट करतो, एक जण छोटा ट्रान्समीटर लपवतो आणि बाकीचे शोधतात, आमच्या १४५ मेगाहर्ट्झच्या बँडवर. तंत्र अगदी तेच. हातात यागी अँटेना (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी) असली तर उत्तमच, नसली तर रेडिओ छातीशी धरायचा आणि हळूहळू स्वतःभोवती गोल फिरायचं, जिथे आवाज सगळ्यात कमी होतो तिथे ट्रान्समीटर तुमच्या पाठीमागे आहे, कारण मधे तुमचं शरीर येतं. हे मी स्वतः कितीदा केलं आहे आणि पहिल्यांदा जमलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आपलं अंगच अँटेनाचा भाग होऊन जातं. पण डोंगरात सिग्नल कड्यावर आपटून परत येतो, समोरच्या टेकडीकडे धावतो आणि विमान असतं पाठीमागच्या दरीत, म्हणून एकाच जागेवरचं माप कधी खरं मानायचं नाही, तीन जागांवरून घ्यायचं.

अजून एक. नागपूर देशाच्या मधोमध, दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता सगळी विमानं आपल्याच डोक्यावरून जातात. मोठ्या विमानांचे पायलट १२१.५ दुसऱ्या रेडिओवर लावून ठेवतात. तीस-पस्तीस हजार फुटांवरून खूप लांबचं ऐकू येतं, तेव्हा सॅटेलाइटशिवाय वरचे हे कानही आपल्यावर असतातच. तुमच्या मुलीच्या दृष्टीने नागपूरचं आकाश त्या मानाने एकटं नाही, हे मला मनापासून सांगावंसं वाटलं.

बेस_लेग

मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे, कुठला ते राहू द्या. बाबा, कॉकपिटच्या पॅनलवर ईएलटीचा एक छोटा स्विच असतो, त्यावर ऑन, आर्म आणि टेस्ट असं असतं. उडताना तो आर्मवरच पाहिजे, म्हणजे झटका बसला की आपोआप सुरू व्हायच्या तयारीत. मी प्रत्येक स्टुडंटला पहिल्या दिवसापासून सांगतो की चेकलिस्टमध्ये हा स्विच नुसता बोट दाखवून पुढे जायचा नाही, डोळ्यांनी वाचायचा. आणि लँडिंग झाल्यावर इंजिन बंद करायच्या आधी १२१.५ लावून पाच सेकंद ऐकायचं, कुईं कुईं ऐकू आलं तर आपलाच डबा सुरू झालेला असू शकतो.

चुकून सुरू झालाच तर लपवायचं नाही, हे मुलीला नक्की सांगा. पोरं घाबरतात, बंद करून गप्प बसतात. बंद करा, आणि लगेच इन्स्ट्रक्टरला, एटीसीला (विमानतळाच्या टॉवरला) कळवा, की खोटा अलार्म होता. नाहीतर तिकडे कुणीतरी खऱ्या शोधाची तयारी करत बसतं. ४०६ मध्ये पहिला बर्स्ट जायला साधारण ५० सेकंद लागतात, तेवढ्यात लक्षात आलं तर काहीच गेलेलं नसतं.

उलट बाजू पण तितकीच महत्त्वाची. फोर्स्ड लँडिंग करायची वेळ आली आणि हाताला वेळ असेल तर स्विच स्वतः ऑन करायचा, आपटायची वाट बघायची नाही. शेतात अलगद उतरलात तर झटका कमी बसतो आणि डबा स्वतःहून सुरू होणारच नाही, पण पाय मोडलेला असू शकतो. हे माझ्या इन्स्ट्रक्टरने मला शिकवलं होतं.

मनीषनगरचे_बाबा

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, मी आणि तिची आई दोघांनी बसून दोनदा वाचलं. काका, दोन गोष्टी अडल्या. एक, ४०६ म्हणजे जीपीएस आलाच का? आणि दोन, तो १५ अक्षरी नंबर बंगळूरला पोचला, पण त्यांना कसं कळणार की हे माझ्या मुलीचं विमान आहे?

एव्हिओनिक्स_काका

पहिल्याचं उत्तर नाही. पुष्कळ ४०६ डब्यांत जीपीएस नसतो, काहींत आतच असतो, काहींना विमानाच्या जीपीएसची वायर जोडावी लागते, आणि ती जोडलेली नसली तरी डबा चालतोच, फक्त जागा सांगत नाही. तेव्हा हे विचारून घ्याच.

दुसरा प्रश्न तर या सगळ्याचा जीव आहे. तो नंबर नोंदवावा लागतो. विमान कोणतं, मालक कोण, तातडीला फोन कुणाला करायचा, सगळं त्या नोंदणीत असतं, आपल्याकडे ती इस्ट्रॅककडेच होते. अलर्ट आला की बंगळूरहून रेस्क्यू सेंटरला जातो, आपल्या भागासाठी मुंबई, आणि तिथला माणूस बहुतेक वेळा पहिलं काम करतो ते म्हणजे त्या नोंदणीतल्या फोनवर फोन. तिकडून कुणी म्हणालं की विमान हँगरमध्येच उभं आहे, सॉरी, तर प्रकरण दोन मिनिटांत मिटलं. आणि कुणी म्हणालं की हो, आमची मुलगी तासाभरापूर्वी त्यात उडाली आहे आणि अजून आलेली नाही, तर मग एक मिनिटसुद्धा वाया जात नाही. जुन्या डब्यात जे तास जायचे ते इथे वाचतात. पण फोन उचलणारा पाहिजे! विमान विकलं गेलं, अकॅडमीचं ऑफिस बदललं, आणि नोंदणी जुनीच राहिली तर एवढा भारी डबा पुन्हा अंधारात ओरडणारा होतो.

डब्याच्या सेल्फ टेस्टचं पण सांगून ठेवतो. टेस्टला सोडलेल्या निरोपाची सुरुवात मुद्दाम उलटी केलेली असते, त्यामुळे सॅटेलाइट तो खरा मानत नाही. म्हणून टेस्ट नेहमी टेस्टच्याच बटणाने, ऑन करून कधीच नाही. बॅटरीवर तारीख छापलेली असते ती बघायची. चांगली बॅटरी उणे २० अंशातही २४ तास चालली पाहिजे असा मापदंड आहे.

एएमई_थर्ड_सेम

काका मी एएमई, म्हणजे विमान देखभालीच्या इंजिनियरचा कोर्स, करून राहिलो आहे, जरा पुढचं सांगतो, चुकलो तर दुरुस्त करा. आता फक्त कमी उंचीवरून जाणारे सॅटेलाइट नाही राहिले. ते ८५०-१००० किमीवरचे होते, डोक्यावर यायची वाट बघावी लागायची, कधी तास दीड तास. आता जीपीएस, युरोपच्या गॅलिलिओ, रशियाच्या ग्लोनासच्या सॅटेलाइटवरच हे रिसिव्हर बसवले आहेत, ते २० हजार किमीच्या आसपास, त्यामुळे कधीही बघा पाच-सहा तरी वर असतातच. सिग्नल प्रत्येकाकडे किती वेळाने पोचला यातल्या फरकावरून जागा काढतात, त्यामुळे जीपीएस नसलेल्या डब्याची जागा पण काही मिनिटांत मिळते. गॅलिलिओवाले तर २०२० पासून काही बीकनला उलट पोच पण देतात, की तुमचा निरोप मिळाला. जंगलात पडलेल्या माणसाला तो छोटा लाइट लागलेला दिसला तर त्याला काय वाटत असेल, मी हे वर्गात ऐकलं तेव्हा दिवसभर तेच डोक्यात होतं.

आणि मलेशियाचं एमएच३७० विमान गायब झाल्यावर, म्हणजे मार्च २०१४ नंतर, सगळ्यात मोठा बदल आला तो असा की आपटायची वाट बघायचीच नाही. पाण्याखाली रेडिओ चालत नाही, विमान समुद्रात बुडालं की ४०६ असो का १२१.५, दोन्ही मुके. म्हणून नवीन मोठ्या विमानांत, २७ टनांवरच्या, अशी सोय मागितली आहे की विमान हवेतच विचित्र वागायला लागलं तर त्याने स्वतः मिनिटाला एकदा तरी जागा सांगत राहायचं. त्यासाठी ईएलटी-डीटी नावाचा प्रकार आला आहे, तो हवेत असतानाच काही सेकंदांनी बर्स्ट सोडत राहतो. मग अँटेना तुटली, डबा बुडाला, तरी शेवटची जागा आधीच पोचलेली असते. ट्रेनिंगच्या छोट्या विमानाला हे लागू नाही बाबा, पण काकांनी सांगितलेल्या त्या कच्च्या जागेवरचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे.

एव्हिओनिक्स_काका

बरोबर आहे पोरा. एक जोड. छोट्या विमानातही झटका ओळखणारा जी-स्विच सुधारला आहे. जुना नुसत्या दणक्याला फसायचा, आताचा दणक्यासोबत वेग किती बदलला हेही बघतो. पण तो बहुतेक विमानाच्या लांबीच्या दिशेचा झटका मोजतो, म्हणून डबा त्यावरच्या बाणाच्या दिशेने बसलेला पाहिजे. तू पुढे हे डबे बसवशील तेव्हा बाण आधी बघ.

मनीषनगरचे_बाबा

मंडळी, दहा दिवसांनी लिहून राहिलो आहे. मुलीने तुमचे सगळे प्रश्न वहीत लिहून नेले. डबा धातूच्या पट्ट्याने बसवलेला आहे, बाण बरोबर, केबल ठीक, बॅटरीला अजून दीड वर्ष आहे. जीपीएस जोडलेला नाही. आणि नोंदणीतला तातडीचा फोन निघाला अकॅडमीच्या जुन्या ऑफिसचा लँडलाइन, जो बंद होऊन दोन वर्षं झाली. तिने इन्स्ट्रक्टरला सांगितलं, त्यांनी बाकीच्या विमानांचेही कागद काढायला लावले, त्यात अजून दोघांचं तसंच होतं. काल तिन्ही विमानांचे नवीन नंबर गेले, रात्री-बेरात्री उचलले जातील असे दोन-दोन मोबाइल.

तिच्या आईने विचारलं की त्यात आपला नंबर टाकता येतो का. काका, येतो का?

एव्हिओनिक्स_काका

नोंदणी विमानाची असते ताई, मुलीची नाही, त्यावर रोज वेगळं पोर उडतं. म्हणून तिथे असा माणूस पाहिजे ज्याला त्या दिवशीची यादी माहीत आहे. तुमचा नंबर त्या माणसाकडे असू द्या, आणि ती उतरली की एक मेसेज करायची सवय तिला लावा.